औषधालयातील फ्रॉस्ट-फ्री शीतकपाट : उपयुक्तता, मर्यादा व निगा

वैद्यकव्यवसायात औषधनिर्मितीइतकेच महत्त्व औषधरक्षणाला आहे, हे आपणां सर्वांस ज्ञात आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानाच्या प्रथम अध्यायातच संग्रहित द्रव्यांच्या जागेचे वर्णन आले आहे. त्या आगाराचे दार पूर्वेस वा उत्तरेस असावे. अग्नी, पाणी, ओल, धूर, धूळ, उंदीर आणि चतुष्पाद प्राणी यांचा तेथे उपसर्ग होऊ नये. द्रव्ये नीट झाकून शिंक्यावर टांगून ठेवावीत, असा त्याचा आशय आहे. काळ बदलला, शिंके गेले, काचेची कपाटे आली. गेल्या काही दशकांत बहुतेक चिकित्सालयांत व औषधी दुकानांत शीतकपाट, म्हणजेच फ्रिज, हेही भेषजागाराचे एक अंग झाले आहे. परंतु हे यंत्र कसे चालते, त्यात काय ठेवावे आणि काय ठेवू नये, याचा विचार मात्र खरेदीच्या वेळीही फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात फ्रॉस्ट-फ्री प्रकारच्या शीतकपाटाविषयी वैद्य व औषधविक्रेते यांच्या दृष्टीने काही माहिती देण्याचा प्रयत्न केला आहे.

एक अनुभव

आमच्या चिकित्सालयात पूर्वी एका दाराचा, जुन्या पद्धतीचा फ्रिज होता. त्याच्या बर्फखान्यात पावसाळ्यात आठ-दहा दिवसांतच बोटभर हिमाचा थर साचत असे. एका शनिवारी सायंकाळी मदतनिसाने बर्फ वितळावा म्हणून फ्रिजचे बटण बंद केले. रविवारी चिकित्सालयास सुट्टी होती. सोमवारी सकाळी दार उघडले तेव्हा वितळलेले पाणी सर्व खणांतून ओघळून खाली साचलेले होते. आत ठेवलेल्या क्वाथाच्या दोन बाटल्यांवरील कागदी चिठ्ठ्या भिजून सुटल्या होत्या व शाई पुसली गेली होती. दोन्ही क्वाथ रंगाने जवळजवळ सारखेच. कोणता कोणत्या रुग्णाचा, हे ठरविणे अशक्य होते, आणि दोहोंनाही आंबूस वास येऊ लागला होता. दोन्ही बाटल्या ओतून द्याव्या लागल्या. बाहेरगावाहून पहिल्या गाडीने आलेल्या एका वृद्ध रुग्णास नवा क्वाथ सिद्ध होईपर्यंत दुपारपर्यंत बसवून ठेवावे लागले. त्यांनी तक्रार केली नाही. परंतु अंदाजाने एखादी बाटली त्यांच्या हाती दिली गेली असती तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून गेला नाही. फ्रॉस्ट-फ्री यंत्र घेण्याचा निर्णय त्याच आठवड्यात झाला. त्यानंतरही चुका झाल्याच, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

दोन प्रकारांतील भेद

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे डायरेक्ट कूल, शीतकपाटात थंडावा निर्माण करणारी नळी बर्फखान्याच्या भिंतींतच बसविलेली असते. दार उघडले की बाहेरची दमट हवा आत येते, त्यातील बाष्प त्या अतिथंड भिंतींवर गोठते आणि हिमाचा थर तयार होतो. हिम हे उष्णतेचे मंदवाहक आहे. थर जाड झाला की थंडावा आतील वस्तूंपर्यंत नीट पोहोचत नाही, कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो आणि विजेचा व्यय वाढतो. म्हणून ठरावीक दिवसांनी बर्फ वितळविणे अनिवार्य ठरते.

फ्रॉस्ट-फ्री यंत्रात हीच नळी बर्फखान्याच्या मागील पडद्याआड लपविलेली असते. एक लहान पंखा आतील हवा त्या नळीवरून फिरवतो व थंड झालेली हवा झरोक्यांवाटे बर्फखान्यात आणि खालच्या कप्प्यांत सोडतो. बाष्प गोठते ते पडद्याआडच्या नळीवर. वस्तूंवर व भिंतींवर नव्हे. नळीजवळ एक विजेचा हिटर असतो. दिवसातून एक-दोन वेळा, किंवा नव्या यंत्रांत दाराची उघडझाप किती झाली याच्या अनुमानाने, कॉम्प्रेसर थांबतो आणि हा हिटर काही मिनिटे चालू होतो. नळीवरील हिम वितळते, पाणी एका पन्हळीतून मागील बाजूस उतरते व कॉम्प्रेसरवरील तबकात साचून त्याच्याच उष्णतेने उडून जाते. नळी पुरेशी उबदार होताच एक उष्णतासंवेदी कळ हिटर बंद करते. या काळात आतून चुरचुर असा आवाज येतो. तो हिटरवर पडणाऱ्या थेंबांचा असतो. त्याने घाबरण्याचे कारण नाही.

व्यवसायाच्या दृष्टीने लाभ

१) बर्फ वितळविण्यासाठी यंत्र बंद ठेवावे लागत नाही. साठा बाहेर काढणे, पाणी पुसणे आणि चिठ्ठ्या भिजणे हे सर्व टळते.

२) पंख्यामुळे थंड हवा सर्वत्र फिरते व निरनिराळ्या खणांतील तापमानात तफावत कमी राहते. जुन्या यंत्रात बर्फखान्यालगतचा खण अतिथंड आणि तळाचा खण बराच उबदार असे.

३) नव्याने ठेवलेली वस्तू लवकर थंड होते. क्वाथ, पेया, तक्र यांसारख्या जलप्रधान कल्पांच्या बाबतीत हा लाभ मोठा आहे, कारण जंतूंची वाढ मधल्या कोमट अवस्थेतच वेगाने होते.

४) कोकण व गोव्यासारख्या दमट प्रदेशात, जेथे पावसाळ्यात हिम सर्वांत वेगाने साचते, तेथे या यंत्राची उपयुक्तता विशेष जाणवते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पंखा व हिटर यांमुळे समान आकारमानाच्या जुन्या पद्धतीच्या यंत्रापेक्षा सामान्यतः वीज अधिक लागते. किंमत जास्त असते. फिरती हवा कोरडी असल्याने उघडी ठेवलेली वनस्पती, कल्क वा पिठी लवकर सुकते. म्हणून प्रत्येक वस्तू झाकणाच्या पात्रातच ठेवावी. आणि वीज गेल्यावर जुन्या यंत्रातील हिमाचा थर जसा काही काळ थंडावा टिकवितो, तशी शिल्लक या यंत्रात नसते.

थंड जागा म्हणजे शीतकपाट नव्हे

हा मुद्दा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. अनेक औषधांच्या वेष्टनावर थंड व कोरड्या जागी ठेवावे अशी सूचना असते. ती वाचून काही विक्रेते चूर्णे, गुटी, अवलेह सर्व काही फ्रिजमध्ये रचतात. भारतीय औषधसंहितेत, म्हणजे इंडियन फार्माकोपियात, या शब्दांचे अर्थ निश्चित केलेले आहेत. शीत म्हणजे ८ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक नाही. शीतकपाट म्हणजे २ ते ८ अंशांची शीत जागा. आणि ज्याला आपण थंड जागा म्हणतो ती ८ ते २५ अंशांची. म्हणजे उन्हापासून दूर, हवेशीर, भिंतीच्या ओलीपासून अलिप्त असे लाकडी कपाट बहुतेक औषधांस पुरेसे आहे. ग्रीष्मात खोलीचे तापमान फारच वाढत असेल तर खोली थंड राखण्याचा उपाय करावा. औषधे फ्रिजमध्ये कोंबू नयेत.

याचे कारण दवबिंदूत आहे. पावसाळ्यात खोलीचे तापमान २७ अंश व आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश येतो. म्हणजे २४ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी जमणारच. पाच अंशांवरील चूर्णाची बरणी बाहेर काढून लगेच उघडली की हवेतील बाष्प थेट चूर्णावर उतरते. दिवसातून दहा वेळा असे झाले की चूर्णाचे गोळे होतात व पुढे बुरशी धरते. आमची दुसरी चूक हीच होती. नवे यंत्र आल्याच्या उत्साहात श्रावणात लवणभास्कर चूर्णाची मोठी बरणी आत ठेवली. लवणयुक्त चूर्ण मुळातच ओल ओढून घेणारे. पंधरा दिवसांत त्याचा दगड झाला. फ्रिज बिघडला म्हणून आम्ही मेकॅनिकला बोलावले. बिघाड यंत्रात नव्हता, आमच्या समजुतीत होता.

काय ठेवावे, काय ठेवू नये

शार्ङ्गधराचार्यांनी कल्पांची सवीर्यता सांगताना चूर्ण दोन मासांनंतर, गुटिका व लेह एका वर्षानंतर हीनवीर्य होतात, तर आसव, धातू व रस हे जुने झाल्याने अधिक गुणयुक्त होतात असे सांगितले आहे. आज विक्रीसाठीच्या औषधांची मुदत औषधे नियम, १९४५ यांतील नियम १६१-ब नुसार वेष्टनावर छापलेली असते. फ्रिजमध्ये ठेवल्याने ही मुदत वाढत नाही, हे विक्रेतेबंधूंनी ग्राहकांसही आवर्जून सांगावे.

फ्रिजमध्ये ठेवू नयेत अशी द्रव्ये :

आसव-अरिष्टे. यांत स्वयंजनित मद्य असते व तेच त्यांचे रक्षण करते. अतिथंडीत तळाशी साका अधिक बसण्याचा संभव असतो, लाभ काहीच नाही.

सिद्ध तैले व घृते. ती थिजतात, खोबरेल तेलाचे कल्प तर लवकर. प्रत्येक वेळी पातळ करण्यासाठी तापविणे हे थंडीपेक्षा अधिक हानिकारक ठरते.

मध. थंडीने त्यात कण धरतात. मध तापविणे शास्त्राने निषिद्ध मानले असल्याने ते कण विरघळविण्याचा मार्गही बंद होतो.

चूर्णे, गुग्गुळ, गुटी, वटी, भस्मे व रसौषधी. यांचा शत्रू उष्णतेपेक्षा ओल हा आहे.

ताजी गुळवेल. तिची कांडी सावलीत टांगून ठेवली तरी दीर्घकाळ हिरवी राहते. तुळशीची पाने अतिथंड हवेत काळी पडतात.

फ्रिजमध्ये ठेवण्यास योग्य द्रव्ये :

पंचविध कषायकल्पनांपैकी स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट हे सर्व सद्यःप्रयोज्य आहेत. ते ताजेच वापरावेत हा शास्त्राचा अभिप्राय. तथापि सकाळी सिद्ध केलेला क्वाथ सायंकाळच्या मात्रेपर्यंत राखावयाचा झाल्यास शीतकपाटाचा आधार घेता येतो. आमच्या चिकित्सालयाचा नियम असा : स्वरस व कल्क त्याच दिवशी संपवावेत; क्वाथ चोवीस तासांपलीकडे कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. तक्रधारेसाठीचे तक्र, क्षीरधारेचे दूध, कोरफडीचे पान यांनाही हीच जागा योग्य. शतधौत घृतात पाण्याचा अंश राहत असल्याने ते लवकर खवट होते. लहान डब्यांत भरून, दिनांक घालून ते आत ठेवणे हितावह. नेत्रासाठी वापरावयाचे द्रव मात्र गाळून त्याच वेळी वापरावेत. उरलेले साठवूच नयेत.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. शीतकपाट जंतूंचा नाश करीत नाही, त्यांची वाढ मंद करते. काही जंतू तर फ्रिजच्या तापमानातही सावकाश वाढतात. बर्फखान्यात गोठविलेला क्वाथ वितळताच ते पुन्हा सक्रिय होतात. म्हणून वितळलेले द्रव पुन्हा गोठवू नयेत आणि वासाने, चवीने ठीक वाटते म्हणून मुदतीबाहेरचा कल्प रुग्णास देऊ नये.

ज्या दुकानांत आयुर्वेदीय औषधांसमवेत इन्सुलिनही ठेवले जाते, त्यांनी विशेष दक्षता घ्यावी. इन्सुलिन २ ते ८ अंशांतच राहिले पाहिजे व एकदा गोठले की ते टाकूनच द्यावे लागते. फ्रॉस्ट-फ्री यंत्रात थंड हवेच्या झरोक्यासमोरील जागा सर्वांत थंड, तर दारातील कप्पे सर्वांत अस्थिर असतात. म्हणून अशी औषधे मधल्या खणात, मागील भिंतीस न टेकविता ठेवावीत. लहान, एकाच दारात बर्फखाना असलेले फ्रिज या कामी विश्वसनीय नाहीत.

खरेदी करताना

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने उपकरणांवरील तारांकनाची योजना २००६ मध्ये सुरू केली व फ्रॉस्ट-फ्री फ्रिजसाठी ते तारांकन जानेवारी २०१० पासून अनिवार्य झाले. केवळ तारे मोजू नयेत. त्या पट्टीवर वर्षाला किती युनिट वीज लागेल हा आकडा असतो, तो पाहावा. तारांकनाचे निकष वेळोवेळी अधिक कडक केले जातात. म्हणून पट्टीवरील वर्षही पाहावे. जुन्या वर्षाचे अधिक तारे नव्या वर्षाच्या कमी ताऱ्यांइतकेच असू शकतात.

शीतद्रव्य कोणते, हेही विचारावे. ओझोनच्या थरास हानी पोहोचविणारे आर-१२ हे द्रव्य १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्रमाने मागे पडले. आज अनेक यंत्रांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन, असते. ते ओझोनास निर्धोक असून जागतिक तापमानवाढीवरही त्याचा परिणाम अल्प आहे. परंतु ते ज्वालाग्राही आहे. त्यामुळे दुरुस्ती प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करवून घ्यावी व यंत्राशेजारी क्वाथाची शेगडी कदापि ठेवू नये.

निगा

१) जागा : यंत्र समतल जागी, भिंतीपासून निर्मात्याने सांगितलेले अंतर सोडून ठेवावे. अनेक यंत्रांत उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याआड असल्याने बाजू गरम लागतात. हे स्वाभाविक आहे. मात्र त्या बाजूंना औषधांची खोकी टेकवू नयेत.

२) झरोके : आतील थंड हवेचे झरोके मोकळे ठेवावेत. एखादा डबा आड आला की खालचा कप्पा थंड होत नाही. यंत्र गच्च भरू नये.

३) उष्ण द्रव : क्वाथ खोलीच्या तापमानास आल्यावर, झाकण लावूनच आत ठेवावा. उष्ण पात्रातील वाफ नळीवर हिम वाढविते. पात्र थंड पाण्यात ठेवल्यास क्वाथ लवकर निवतो. तो तासन्‌तास उघडा ठेवू नये.

४) दाराची रबरी पट्टी : महिन्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने पुसावी. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. कागद सहज सरकून आला तर पट्टी सैल झाली आहे.

५) निचऱ्याचे छिद्र : पानांचे तुकडे, कचरा यांनी ते तुंबते. भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचणे हे त्याचे लक्षण. कोमट पाणी पिचकारीने हळू सोडावे. मागील तबकही वर्षातून दोन वेळा, प्लग काढून, स्वच्छ करावे.

६) आतील स्वच्छता : पंधरा दिवसांतून एकदा कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून पुसावे. हिंगाचा व लसणाचा वास इतर कल्पांस लागतो. ती द्रव्ये घट्ट झाकणात ठेवावीत.

७) तापमापक : मधल्या खणात एक साधा तापमापक ठेवून सकाळ-सायंकाळ नोंद वहीत करावी. बटणावरील आकडे अंशांचे नसतात. खालच्या कप्प्यात ३ ते ५ अंश व बर्फखान्यात उणे १८ अंश हे योग्य मान.

८) वीज : खंडित वीज परत येताच कॉम्प्रेसर लगेच चालू होऊ नये, मध्ये तीन ते पाच मिनिटे जावीत. विजेचा दाब अस्थिर असलेल्या गावांत स्टॅबिलायझर घ्यावा. दार बंद राहिल्यास खालचा कप्पा सुमारे चार तास थंड राहतो. बर्फखान्यात पाण्याच्या दोन-तीन बाटल्या कायम गोठवून ठेवल्यास वीज गेल्यावर त्या खालच्या खणात ठेवता येतात. भारनियमनाच्या दिवसांत या साध्या युक्तीचा आम्हांस फार उपयोग झाला.

बिघाडाची लक्षणे

वर बर्फखाना थंड पण खालचा भाग कोमट, हे फ्रॉस्ट-फ्री यंत्राचे सर्वांत सामान्य गाऱ्हाणे. झरोके मोकळे असूनही तसे होत असेल, तर पडद्याआडच्या नळीवर बर्फ साचून हवेचा मार्ग बंद झाला असण्याचा संभव असतो. साठा अन्यत्र हलवून, प्लग काढून, दार उघडे ठेवून एक दिवस यंत्र विसावू द्यावे. पुन्हा काही दिवसांत तेच झाल्यास हिटर, टायमर वा उष्णतासंवेदी कळ यांपैकी काही निकामी झाले आहे असे समजून मेकॅनिकला दाखवावे. बर्फखान्यात दिसू लागलेले हिम हे बहुधा दार नीट न लागल्याचे चिन्ह असते. बर्फ सुरी वा टोकदार वस्तूने खरवडू नये. नळीस छिद्र पडले की यंत्र गेलेच.

उपसंहार

रोगाचे निदान आपण लक्षणांवरून करतो, तसेच या यंत्राचेही करता येते. त्यासाठी त्याची रचना ठाऊक हवी. फ्रॉस्ट-फ्री शीतकपाट हे चांगले सेवक आहे. ते बर्फ वितळविण्याचे कष्ट वाचविते, तापमान राखते, काही तासांची सवड देते. परंतु ताजेपणा निर्माण करण्याचे सामर्थ्य त्यात नाही. आदल्या दिवशीचा क्वाथ काचेच्या थंड बाटलीत कितीही स्वच्छ दिसला तरी तो आदल्या दिवशीचाच असतो.

त्या सोमवारनंतर आमच्याकडे प्रत्येक बाटलीवर रुग्णाचे नाव, कल्पाचे नाव, दिनांक व वेळ न पुसणाऱ्या शाईने लिहिली जाते, आणि चिठ्ठीशिवाय सापडलेली बाटली विचार न करता ओतून दिली जाते. जेवणाचा डबा, दूध, भाजी यांस त्या फ्रिजमध्ये स्थान नाही. नियम साधे आहेत, पण पाळले गेले पाहिजेत. रुग्ण आपल्या हातून घेतलेली बाटली विश्वासाने घरी नेतो. आत काय आहे हे तो तपासू शकत नाही. ते तपासण्याचे दायित्व आपले आहे, यंत्राचे नव्हे.